अभियंता दिन आणि मॅनहोलचे झाकण

दरवर्षी १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो, सार्वजनिक बांधकाम खात्यात आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत भाषणे होतात, राष्ट्रउभारणीतील अभियंत्यांच्या योगदानाचे गोडवे गायले जातात. अलीकडे या गोडव्यांना 'शाश्वत विकास' हा नवा शब्द जोडला गेला आहे. युनेस्कोने २०१९ साली ठराव करून ४ मार्च हा दिवस शाश्वत विकासासाठीचा जागतिक अभियांत्रिकी दिन म्हणून जाहीर केला आणि २०२० पासून तोही पाळला जातो. म्हणजे आता वर्षातले दोन दिवस अभियंत्यांचे झाले. आमची त्याला हरकत नाही. धरण, पूल, वीज, रस्ता, नळ ही सगळी अभियंत्याच्या डोक्यातून आणि मजुराच्या हातातून उभी राहिलेली कामे आहेत आणि त्यांच्यावाचून कोणताही देश पुढे जात नाही. आमची हरकत वेगळी आहे. या सोहळ्यांत दोघांचे नाव कधी निघत नाही. एक, या देशाच्या पाणी आणि वीज धोरणाचा पाया घालणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि दुसरा, अभियंत्याने आखलेल्या गटारात उतरून गुदमरून मरणारा माणूस. या दोन विस्मृतींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, असे आम्ही मानतो.

विश्वेश्वरय्यांबद्दल आधी बोलू. ते मोठे अभियंते होते, याबद्दल वाद नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, ते शिकून बाहेर पडले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. म्हैसूरचे कृष्णराजसागर धरणही त्यांच्याच नावाशी जोडलेले आहे. पण अभियंता दिनाच्या भाषणांत त्यांच्या चरित्रातले एक पान हमखास उलटून टाकले जाते. ते म्हैसूर संस्थानाचे दिवाण असताना महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी ब्राह्मणेतर समाजाला सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्याचा प्रश्न हाती घेतला आणि १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. दिवाणसाहेबांना हे धोरण मान्य नव्हते. जातीवर नोकऱ्या दिल्या तर कार्यक्षमता घसरेल, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी त्यांनी दिवाणपद सोडले. 'आरक्षणाने धरणे फुटतात, पूल कोसळतात' हा जो टोमणा आमच्या मुलांना आजही वर्गात ऐकावा लागतो, त्याचे मूळ किती जुने आणि किती प्रतिष्ठित आहे, हे यावरून लक्षात यावे.

या टोमण्याला उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. आरक्षणाचा हुकूम काढणारा राजा आणि धरणाचा पाया घालणारा राजा एकच होता. राधानगरी आजही उभे आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दाखल झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते. मजूरमंत्री म्हटले की कामगार कायदे एवढेच आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर येते. पण त्या काळी मजूर खात्याकडे पाटबंधारे, वीज, खाणी आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकामही होते. म्हणजे देशातल्या सरकारी अभियंत्यांचा फार मोठा वर्ग एका अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मंत्र्याच्या हाताखाली काम करत होता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून १९२७ साली ज्याच्या लोकांची डोकी फोडली गेली आणि ज्याच्या स्पर्शाने बाटलेले तळे गोमूत्र-शेण टाकून 'शुद्ध' केले गेले, त्याच माणसाने पंधरा-सोळा वर्षांनी या देशातल्या नद्यांचे पाणी कसे साठवावे आणि कोणासाठी वापरावे, याचे धोरण आखले. जगाच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण असेल तर ते कोणी आम्हाला दाखवावे.

१९४३ च्या पावसाळ्यात दामोदर नदीचा बांध फुटला. महायुद्ध चालू होते, बंगालमध्ये दुष्काळाचे थैमान होते, आणि त्यातच रेल्वे व ग्रँड ट्रंक रोड तुटून कलकत्त्याचा उर्वरित देशाशी संबंध तुटला. आजवरचा सरकारी उपाय ठरलेला होता. पूर आला की बांध उंच करायचा. बांध फुटला की आणखी उंच करायचा. चौकशी समिती बसली. तिच्यात डॉ. मेघनाद साहा होते. खालच्या समजल्या गेलेल्या जातीत जन्मलेल्या आणि विद्यार्थिदशेत वसतिगृहात जातीचे चटके सोसलेल्या या थोर शास्त्रज्ञाने अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदरचा विचार करावा, असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी हा विचार उचलला आणि त्याला राज्ययंत्रणेची ताकद दिली. नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला आणि डॉ. ए. एन. खोसला हे नामांकित अभियंते त्याचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंते वोर्डविन यांना बोलावून दामोदरचा प्राथमिक आराखडा तयार करवून घेतला गेला. बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलाशी बसवणे हे तर धरण बांधण्याहूनही अवघड काम. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली पहिली परिषद झाली, ऑगस्टमध्ये दुसरी. नदी प्रांताची सीमा ओळखत नाही, म्हणून संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करायचा. आणि एकाच पाण्यातून पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक असे सगळे साधायचे, हा विचार तिथे रुजला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ कायद्याने अस्तित्वात आले, तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते आणि मजूर खात्याशी त्यांचा संबंध उरलेला नव्हता. श्रेय घ्यायला तोपर्यंत दुसरे पुढे सरसावले होते. असो.

८ नोव्हेंबर १९४५ ला कटकमध्ये ओरिसाच्या नद्यांबाबत परिषद झाली. तिथले बाबासाहेबांचे भाषण प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले गेले पाहिजे, असे आमचे मत आहे. महानदीच्या पुरावर आधी नेमलेल्या समित्यांनी जादा पाणी म्हणजे संकट, ते लवकरात लवकर समुद्रात ढकलावे, अशी भूमिका घेतली होती. बाबासाहेबांनी ती मुळापासून खोडून काढली. पाणी ही संपत्ती आहे, माणूस पाण्याच्या अतिरेकाने जितका गांजतो त्याहून अधिक त्याच्या अभावाने गांजतो. म्हणून पाणी समुद्रात घालवायचे नाही, साठवायचे, असे त्यांनी सांगितले. हिराकूड धरणाची वाट इथून सुरू झाली. पाण्याच्या अभावाने माणूस कसा गांजतो, हे ज्याने सातारच्या आणि गोरेगावच्या वाटेवर लहानपणीच अनुभवले होते, त्यालाच हे एवढ्या स्पष्टपणे दिसले, यात नवल ते काय?

विजेबाबतही तेच. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी विचारले की, आपल्याला वीज हवी कशासाठी? आणि उत्तर दिले की, औद्योगिकीकरणासाठी. आणि औद्योगिकीकरण हवे ते दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसे सोडवण्यासाठी. म्हणून वीज मुबलक हवी, स्वस्त हवी आणि ती खासगी नफेखोरीवर सोडता कामा नये. आज 'शाश्वत विकास' म्हणून जे सांगितले जाते, त्यातले किती यात आले आहे हे वाचकांनीच ठरवावे. हे सारे डॉ. सुखदेव थोरात यांनी कागदपत्रांच्या आधारे संशोधन करून मांडले. खुद्द केंद्रीय जल आयोगाने ते १९९३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने १४ एप्रिल हा जल दिवस म्हणून पाळण्याचे जाहीर केले. तरीही अभियंता दिनाच्या व्यासपीठावर बाबासाहेबांची तसबीर आम्हाला क्वचितच दिसते. ते अभियंता नव्हते, असे उत्तर मिळते. नव्हतेच. पण अभियंत्यांना काय बांधायचे आणि कोणासाठी बांधायचे, हे सांगणारा तर कोणीतरी लागतो ना?

आणि 'कोणासाठी' हा प्रश्न त्यांनी एकदाही सोडला नाही. दामोदरची योजना मांडताना त्यांनी बजावले होते की, त्या खोऱ्यात राहणाऱ्या गरीब माणसांना तिचा प्रत्यक्ष लाभ झाला पाहिजे. पुढे काय झाले? तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणे १९५३ ते १९५९ या काळात उभी राहिली, वीज निर्माण झाली, कारखाने चालले. पण ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांतल्या कित्येक आदिवासी आणि दलित कुटुंबांना पुनर्वसनासाठी पुढच्या पिढ्यांनाही भांडावे लागले. आपल्याकडे कोयनेचे तेच. बाबासाहेबांच्या आराखड्यातला माणूस तेवढा गळला, काँक्रीट राहिले.

दामोदरच्याच खोऱ्यात धनबाद आहे, झरियाच्या कोळसा खाणी आहेत. डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेब तिथे गेले. मंत्र्याने खाणीच्या कचेरीत बसून मालकाचा अहवाल ऐकायचा आणि चहा घेऊन परतायचे, ही रीत होती. बाबासाहेब एका खाणीत सुमारे ४०० फूट खाली उतरले. खाली कोळसा फोडणारा मजूर कसा उभा राहतो, त्याला हवा किती मिळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नंतर मजुरांच्या खोल्या पाहिल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आम्ही ही घटना मुद्दाम सांगत आहोत. वर बसून खालच्या माणसाविषयी निर्णय घेणे ही या देशातील फार जुनी सवय आहे. तिलाच वर्णव्यवस्था म्हणतात. त्या सवयीविरुद्ध एक मंत्री स्वतः खाली उतरला.

धनबादला इंडियन स्कूल ऑफ माइन्स १९२६ पासून आहे. २०१६ मध्ये तिची आयआयटी झाली. २०२४ साली याच संस्थेत उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित रोजंदार मजुराच्या मुलाला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली. फी होती १७ हजार ५०० रुपये. गावातून गोळा करता करता मुदतीची वेळ आली आणि काही मिनिटांनी संगणकाचे दार बंद झाले. जागा गेली. हा मुलगा आयोगाकडे गेला, उच्च न्यायालयांची पायरी चढला आणि शेवटी ३० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. निकालाचे स्वागत झाले, आम्हीही केले. पण १७ हजार ५०० रुपयांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, तेव्हा गुणवत्तेची चर्चा करणाऱ्यांनी थोडा वेळ गप्प बसावे. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते की, अस्पृश्य समाजाला कला आणि कायद्याच्या पदव्यांनी फारसे काही साधणार नाही. त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते त्याच्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. कायद्याचा एवढा मोठा पंडित हे सांगत होता! ८० हून अधिक वर्षे लोटली. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही म्हणून महाविद्यालयाने निकाल अडवून ठेवला, अशा तक्रारी घेऊन विद्यार्थी आजही आमच्या कचेरीत येतात.

आता मॅनहोलकडे वळू, कारण अभियांत्रिकीची खरी परीक्षा तिथे होते.

भुयारी गटाराची नळी टाकताना तिला उतार द्यावा लागतो. मैलापाणी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेगाने तरी वाहिले पाहिजे, म्हणजे गाळ तळाशी बसत नाही आणि नळी स्वतःच स्वतःला धुऊन काढते, हे स्थापत्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. उतार कमी पडला, सांधा नीट बसला नाही, पावसाचे पाणी, बांधकामाची रेती आणि प्लॅस्टिक त्याच नळीत गेले, की नळी तुंबते. नळी तुंबली की कंत्राटदार मुकादमाला फोन करतो आणि मुकादम एका विशिष्ट वस्तीत निरोप धाडतो. म्हणजे कागदावर उताराचा आकडा चुकतो तेव्हा त्या चुकीची भरपाई कोणत्या जातीने आपल्या अंगाने करायची, हे या देशात आधीच ठरलेले आहे. उताराच्या गणितात जात येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा तुंबलेल्या मॅनहोलशेजारी उभे राहावे.

आत काय असते? कुजणाऱ्या मैल्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. प्राणवायू संपलेला असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की तो वास ओळखण्याची नाकाची शक्तीच मरते. 'वास येत नाही ना, मग उतर' असे वरून सांगणारा मुकादम त्या माणसाला मरणाच्या सर्वांत जवळ ढकलत असतो. हा वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघांना हाका मारत तिसरा. बातमी येते तेव्हा मृतांचा आकडा अनेकदा दोन किंवा तीन असतो, तो यामुळे. ही रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाची माहिती आहे. ती अभियंत्याला असते, कंत्राटदाराला असते. नसते फक्त उतरणाऱ्याला.

कायदा काय म्हणतो तेही पाहा. १९९३ मध्ये पहिला कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा. दुसऱ्या कायद्याच्या ७ व्या कलमाने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास बंदी घातली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी वारसांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. मुंबईत गोवंडीला २०१९ मध्ये एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये आदेश निघाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ३७७ माणसे गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना मेली. सरकार यावर म्हणते की, हाताने मैला उचलण्याच्या प्रथेने एकही मृत्यू झालेला नाही, हे मृत्यू 'धोकादायक सफाई'चे आहेत. शब्द बदलला की मृत्यूची जात बदलते काय? केंद्राच्याच 'नमस्ते' योजनेखाली २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार गटार कामगारांची नोंद झाली, त्यांत जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे ६९ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या कोणत्या सरकारी कामात आमच्यासाठी एवढे 'आरक्षण' आहे? त्यावर मात्र गुणवत्तावाल्यांची याचिका आम्ही अजून पाहिली नाही.

महाडलाही असेच होते. १९२३ च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले होते. कागदावर तळे खुले, काठावर काठ्या. आज कागदावर गटारात माणूस उतरत नाही.

हे टाळता येते. परदेशात आणि आपल्याकडेही तंत्र उपलब्ध आहे. पाण्याच्या जोरदार झोताने नळी मोकळी करणारी जेटिंग यंत्रे आहेत, गाळ ओढणारी सक्शन यंत्रे आहेत. केरळमधील नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला तो कामाला लागला. मोठे यंत्र अरुंद गल्लीत जात नाही ही सबब आता चालायची नाही. दिल्लीत २०१९ मध्ये जल मंडळाने अरुंद गल्ल्यांसाठी लहान २०० यंत्रे उतरवली आणि ती चालवायला सफाई कामगार कुटुंबांना पुढे केले, दलित उद्योजकांच्या 'डिक्की' संघटनेने त्यात साहाय्य केले. हे पाऊल चांगले आहे. मात्र यंत्र आले तरी सफाई हे आमच्याच वाट्याचे काम का, हा प्रश्न शिल्लक राहतो, तोही कोणी दाबू नये. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ म्हणून पगार, विमा आणि बढती मिळणार असेल तर त्या जागेच्या जाहिरातीला सर्व जातींचे अर्ज यायला हवेत. ते येतील त्या दिवशी आम्ही समजू.

खेड्यांत वेगळा खेळ चालतो. २०१४ नंतर स्वच्छ भारत योजनेत लाखो शौचालये बांधली गेली. त्यांसाठी दोन खड्ड्यांचे साधे तंत्र सुचवलेले होते. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिला वर्ष-दोन वर्षे बंद ठेवला की त्यातल्या मैल्याचे निर्धोक खत होते आणि ताज्या मैल्याला कोणाला हात लावावा लागत नाही. मैला वाहण्याची जातच निकालात काढणारे हे तंत्र. पण खड्डा कधीतरी उघडावा लागेल या विटाळाच्या कल्पनेने कित्येकांनी एकच मोठी, खोल टाकी बांधली. ती पुढे भरते. मग तिच्यासाठी माणूस शोधला जातो. शाखा अभियंता आराखडा मंजूर करताना हे पाहतो की नाही? तांत्रिक मान्यतेवर सही त्याचीच असते.

पाण्याच्या नळाची कथाही याहून निराळी नाही. जलवाहिनीचे अंदाजपत्रक करताना आमची वस्ती नकाशाच्या शेवटच्या टोकाला असते. टाकी गावाच्या मध्यभागी, नळी जाताना बारीक होत जाते, व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हातात. उन्हाळ्यात पहिले घर अंगण धुते आणि शेवटच्या घरात नळ फुसफुसतो. मोजमाप पुस्तकात काम पूर्ण!

आमच्या समाजातही आज अभियंते काही कमी नाहीत. पाटबंधारे, बांधकाम, वीज कंपनी, महापालिका, जिल्हा परिषद, कुठेही जा, बाबासाहेबांच्या पुण्याईने खुर्चीवर बसलेला आपला माणूस भेटतो. महाडपासून फार दूर नसलेल्या लोणेरे इथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे, तिथूनही दरवर्षी मुलेमुली बाहेर पडतात. त्यांच्यातले पुष्कळ जण अतिशय प्रामाणिकपणे काम करतात, वरिष्ठांचा जाच सोसून करतात. पण काही जण असेही आहेत की, ज्यांच्या सहीने गटार सफाईचे कंत्राट निघते, त्या कंत्राटात यंत्राची अट घालण्याची हिंमत त्यांना होत नाही. १४ एप्रिलला वर्गणी देतात, कॉलनीत पंचशीलाचा झेंडा लावतात आणि कचेरीत तीच फाइल पुढे सरकवतात. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांना शिकलेल्या वर्गाबद्दल जे दुःख झाले होते, ते आम्ही या बांधवांना आठवून देऊ इच्छितो. त्यांनी नोकरी धोक्यात घालावी असे आम्ही म्हणत नाही. अंदाजपत्रकात जेटिंग यंत्राचे भाडे धरणे, वायुमापक यंत्राची तरतूद करणे, जुन्या नळीचा उतार पुन्हा मोजून घेण्याची शिफारस करणे, दोन नव्या गटारजोडण्यांना 'क्षमता नाही' असा शेरा मारणे, यासाठी क्रांती लागत नाही. ते त्यांच्या अधिकारातले आणि त्यांच्या नियमपुस्तिकेतलेच काम आहे.

येत्या १५ सप्टेंबरसाठी चळवळीतील कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. हारतुऱ्यांच्या कार्यक्रमाला जरूर जा, बाबासाहेबांची तसबीर ठेवण्याचा आग्रह धरा. पण त्याच दिवशी आपापल्या नगरपालिकेत, महापालिकेत माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज टाका. शहरात गटार सफाईची यंत्रे किती आहेत, त्यांतली चालू किती आणि बंद किती. गेल्या पाच वर्षांत गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये किती माणसे मेली, किती वारसांना पूर्ण भरपाई मिळाली. २०१३ च्या कायद्याखाली किती कंत्राटदारांवर आणि किती अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आणि ज्या ठिकाणी माणूस मेला त्या नळीचा आराखडा, तिचा उतार आणि त्यावर सही करणाऱ्या अभियंत्याचे पदनाम, एवढे विचारा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. नाही मिळाले तर पहिले अपील करा. मिळालेली उत्तरे या दैनिकाच्या पत्त्यावर पाठवा. आम्ही ती शहराच्या नावासह छापू.